पाणी कुठवर आलं

गदिनियाच्या गोदीत एकोणतीस वर्षं
मी जहाजांच्या कुशीवर खुणा रंगवतोय.
पांढरा रंग, वीतभर अक्षरं:
टी म्हणजे उष्ण समुद्र, एस उन्हाळा, डब्ल्यू हिवाळा.
कुठल्या पाण्यात जहाज किती बुडलेलं चालेल,
वाचता येणाऱ्याला धक्क्यावरूनही कळतं.

म्हणून हल्शकाच्या कागदावर
टी दोन, एन एक, एम शून्य
असं दिसलं, तेव्हा वाटलं, हे तर माझंच काम.
वाचलं.
काहीच कळलं नाही.

खाली होतं: स्टेज दोन-ब.
चारातले दोन. अर्धी गेली, मी मनात म्हटलं,
आणि ब साठी थोडं आणखी धरलं.
बसमध्ये शेजारी बसून
मी बहिणीला अपूर्णांकात घालत होतो
आणि ती खिडकीतून प्लमचे भाव वाचत होती.

सप्टेंबर होता. घरी पोविद्वा चढवलेला,
साखर न घालता तीन दिवस आटवायचा गर,
हात थांबला की तळाला धरतो.
"गुरुवारी जमणार नाही म्हणावं डॉक्टरला."
मी म्हटलं नाही.

गुरुवारी व्रोन्स्काबाईंनी पाकिटाच्या पाठीवर आकृती काढली.
गाठ केवढी, ते टी. तीन सेंटिमीटर.
काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली का, ते एन. दोन ग्रंथींपर्यंत.
त्यापलीकडे हाडांत, फुप्फुसांत, यकृतात
काही दिसतंय का, ते एम.
दिसत नाही. म्हणून शून्य.

"म्हणजे अर्धं?" मी विचारलं.
"कशाचं?"
मला सांगता येईना.
त्या म्हणाल्या, ही आजची मोजणी.
ऑपरेशननंतर पुन्हा मोजू, आकडा बदलेलही.
पुढचं सगळं यात लिहिलेलं नसतं,
आधी काय करायचं, ते यावरून ठरतं.
हल्शकाने पाकीट मागून घेतलं.
आकृती तिच्यासारखी नव्हती, एवढंच म्हणाली.

रात्री व्रोत्सवाफहून भाचीचा फोन:
"मामा, तीन लिहिलंय! दोन म्हणाला होतास!"
ती ग्रेड, किंगा. ते वेगळं.
पेशी किती बिघडल्यात, किती घाईत आहेत, ते.
मी हे असं सांगत होतो
जसं काही मला सोमवारपासून ठाऊक होतं.
तिकडे ती रडत होती, आणि लिहूनही घेत होती.

एकोणतीस वर्षांत शून्य कधी रंगवला नाही मी.
शून्यावर काही तरंगत नाही.
पण त्या रात्री एमपुढचा तो शून्य
मी पुन्हा पुन्हा बघितला,
बोटाने गिरवला,
आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहिलो, ती झोपली होती म्हणून.
भरलेलं जहाज खोल बसतं.
खोल बसलेलं म्हणजे बुडालेलं नव्हे,
हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.
स्वतःला सांगायला पहाटेचे चार वाजले.
तेवढ्यात हात थांबला असणार.

सकाळी तिने चमचा थेट तळापर्यंत घातला.
"लागलाय."
"थोडासा."
"थोडासा म्हणजे केवढा?"
मी खरवडून दाखवलं. एका झ्वॉटीएवढा.
कडेला कुठे गेलाय का,
तिने पातेलं दिव्याखाली फिरवून बघितलं,
चव घेतली, पुन्हा घेतली,
आणि म्हणाली, "बरण्या आण.
सगळ्या."