लॉट एकशे बारा

माझं काम साधं: खोकं उंच धरायचं,
डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचं,
शेवटच्या रांगेतल्या चष्म्यांनाही दिसेल असं.
बोलायचं काम ड्वेन होस्टेटलरचं.
त्याची जीभ सुटली की आकडे लाह्यांसारखे फुटतात
आणि कुणाच्या तरी भुवईवर जाऊन बसतात.

अल्टूनापासून वीस मैल, अग्निशमन दलाचा हॉल,
फेब्रुवारी. हीटर खोकतोय.
दाराशी चर्चच्या बायकांचं नूडल सूप, तीन डॉलर वाटी.
आणि टेबलांवर ऑर्विल स्टॅडमिलरची चाळीस वर्षं:
एकशे सदतीस खोकी,
रिमोटच्या गाड्यांचे सुटे भाग,
न जोडलेले.

रेल्वेच्या कारखान्यात चाकं तासायचा हा माणूस.
घरातली चाकं मात्र पिशवीत, पिशवी सीलबंद.
त्याची मुलगी थीडा सांगते,
'आम्हाला हात लावायची सोय नव्हती.
नाताळला एक खोकं खाली काढायचा,
हुंगायचा, परत ठेवायचा.'
ती हसते. भाऊ आलेला नाही.

लोक पुढे येतात, खोकं नारळासारखं
कानाशी धरून हलवतात.
आतल्या रबराला चाळीस वर्षांत
मातीचा कण लागलेला नाही, म्हणून भाव.
एक स्क्रू जरी पिळला असता
तरी शंभर डॉलर गेले असते.
ओसाकाहून कुणीतरी फोनवर आहे,
इथे वर्ना त्याच्या वतीने मान हलवते.
अकराशे. बाराशे. तेराशे पन्नास.
सूप निवतं.

मग एकशे बारा. 'सँड हेरन',
झाकणावर पिवळी गाडी, वाळूतून उडालेली.
मी उचललं, आणि हातांना आधी कळलं.
वर सील शाबूत. तळाची चिकटपट्टी नवी.
बोलणं माझं काम नाही.
तरी बोललो.

ड्वेनची जीभ त्या दिवशी पहिल्यांदा थांबली.
सगळ्यांसमोर पट्टी कापली.
आत पुस्तिका तेवढी,
पानापानावर वंगणाचे अंगठे,
चौतीस पायऱ्या, चौतीस टिका पेन्सिलीच्या,
आणि शेवटच्या टिकेशेजारी एक शब्द:
*धावली.*

मागून दुधाच्या टँकरवाला यिंगलिंग म्हणाला,
'पिवळी ना? बघितलीय मी.
पहाटे साडेचार, शीतगृहामागचं पार्किंग.
आधी वाटलं, कुत्रं.
मग दिव्यांच्या झोतात म्हातारा दिसला,
हातात रिमोट, पायजम्यावर कोट.'

हॉल हसला. थीडा नाही.
'कुठला पायजमा?'
'निळा. चौकड्यांचा असावा.'
तिने मान हलवली,
पावतीवर सही करावी तशी.

रिकामं खोकंही विकलं जातं, हे तुम्हाला माहीत नसेल.
एरीच्या एका माणसाकडे गाडी होती, खोकं नव्हतं.
ऐंशीवर आला. थीडा उठून म्हणाली,
'पुस्तिका लॉटमध्ये नाही.'
तो साठवर उतरला.
ड्वेनने हातोडा आपटला नाही, नुसता ठेवला.

गाडी यादीत नाही. तळघरात नाही, गॅरेजात नाही.
थीडाने विचारलं, माझ्याकडे बघत,
जणू मी ती कुठेतरी उंच धरून उभा आहे.

साडेपाचला खुर्च्या मिटल्या, फरशी झाडली.
पुढच्या शनिवारी गोधड्या आहेत,
एका मेनोनाइट विधवेच्या, त्या हलक्या असतात.
घराकडचा रस्ता शीतगृहावरून जात नाही,
मी तिकडून गेलो.
बर्फ, चार दिवे, मोकळं पार्किंग.
थांबलो नाही.
फक्त वेग कमी केला,
न जाणो, काही आडवं यायचं.