बरगे

यादी लागली त्या दिवशी तहसीलच्या भिंतीशी
लोक स्वतःचं नाव शोधायचं सोडून
एकाच ओळीवर बोट ठेवून हसत होते :
राणभरे हिंदुराव ज्ञानू. पोलीस पाटील, आंबवडी.
लेखी एकसष्ट, तोंडी चौदा.
मी दौलू सुतार, त्यांच्या पांढऱ्या गाडीचा जुना ड्रायव्हर.
हसलो नाही,
पण हसू कुठून येतंय ते मला कळत होतं.

वयाची अट पंचेचाळीस. ह्यांना दोन महिने कमी.
गारगोटीच्या शाळेत बाकात गुडघे अडकवून बसले,
शेजारी त्यांनीच एकदा नोकरीला चिठ्ठी दिलेलं पोरगं.
प्रश्न सातवा : विधानसभेचे सदस्य किती?
"दोनशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं," येताना मोटरसायकलवर म्हणाले,
"हातानं लिहिलं, पण जरा थांबून."

सव्विसाव्या वर्षी वाऱ्यानं निवडून आले,
एकतिसाव्या वर्षी वाऱ्यानंच घरी.
मधली पाच वर्षं मी मुंबईत गाडी लावायला जागा शोधली,
त्यांनी आत, बोलायला.
एकदाच मिळाली. अडीच मिनिटं.
वेदगंगेवरच्या बंधाऱ्याचे बरगे गंजलेत,
निम्मे भंगारात गेलेत, पाणी थांबत नाही, म्हणून—
पुढचं छापील कागदात आहे.
घंटा. सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं.
तो कागद डॅशबोर्डात पडून होता.
एका पावसाळ्यात गॅरेजवाल्यानं त्यानं काच पुसली.

आता शिट्टी, बॅटरी, निळी वही.
पहिले सहा महिने लोक जुन्याच कामाला यायचे :
मास्तरची बदली, बोअर, कारखान्यात चिकटवा.
ते वही उघडून वाचून दाखवायचे :
"मंगळवार. गव्यांनी टेपावरचा ऊस तुडवला, तेरा सऱ्या.
गुरुवार. सख्ख्या भावांत बांधावरून कोयता निघाला, लागला नाही."
लोक चहा पिऊन जायचे.
पेन्शन येतीया की, मग हे कशाला,
असं शालिनीवहिनी माझ्यादेखत विचारायच्या.
"तिथं मला समदी वळखायची," एवढंच म्हणाले एकदा,
"मला कोण ठावं न्हवतं."

जानेवारीत बंधाऱ्याला एक माणूस अडकला.
पाणी बरग्यांच्या फटींतून खुशाल पलीकडं चाललेलं,
आणि तो तेवढा थांबलेला.
उसाच्या गाडीचा नाडा लावून आम्ही ओढला.
पंचविशीचा असेल. हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे.
गाडी येते म्हणाले ठाण्यावरून, दहाला, मग बाराला.
"दौलू, घरी जा. ट्रंकंतनं एक शाल आण."
ट्रंकेत त्रेचाळीस होत्या, सत्काराच्या,
डांबरगोळ्यांचा वास, काहींना अजून टाचणी.
मी त्यातली बरी बघायला लागलो
आणि मलाच माझी लाज वाटली.
वरचीच उचलली.

रात्रभर कुत्री येत राहिली. ते दगड मारत नव्हते,
नुसते उठायचे, आणि कुत्री मागं सरायची.
मला वाटलं काही बोलतील. बोलले नाहीत.

उजाडताना हवालदार आला, कोवळा.
"शाल कुणाची? पंचनाम्यात घ्यावी लागेल."
"घ्या."
एक शाल, जरीकाठी, जुनी.
टोळीचा मुकादम म्हणाला, "किसना बहुतेक. बीडकडचा."
ह्यांनी वहीत बहुतेक किसना लिहिलं,
आणि बहुतेकवर चार दिवस फिरत राहिले,
अड्ड्यावर, कारखान्यात, खोप्याखोप्यांतून,
गावाचं नाव मिळेपर्यंत.

तिथल्या पाटलाला फोन लावला ओसरीवरून.
आत ताटं वाढलेली.
पलीकडून आवाज : कोण बोलतंय?
ते थांबले, सातव्या प्रश्नाला थांबले असतील तसे.
"आंबवडीचा पोलीस पाटील बोलतोय.
तुमच्या गावचं एक पोरगं..."
आणि उठून उभे राहिले,
फोनमधल्या माणसाला ते दिसणार नव्हतं तरी.