प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण

प्रयोग क्रमांक चार.
उद्देश: निरर्थक शब्दांची धारणा तपासणे.
साहित्य: बारा कार्डं, स्टॉपवॉच, पडदा.
स्टॉपवॉच कॉलेजात एकच, ते सायन्सवाल्यांनी नेलेलं,
म्हणून भावाचा मोबाईल.
पडद्याच्या जागी टॉवेल, बाबांच्या मागावरचा,
कडेचा एक धागा सुटला म्हणून
शेठने परत केलेला.

प्रयुक्त: क. गु.
वय एक्केचाळीस. शिक्षण सहावी, तेही अर्धं.
नाव लिहायचं नाही, आद्याक्षरं पुरेत,
हिरेमठ मॅडमनी बजावलं होतं. गोपनीयता.
अम्मा हसली.
विडी कारखान्याच्या कार्डावर पण माझं नाव चुकीचंच आहे,
म्हणजे तिथेही तेच की.

काका विचारतात, बारावीला सायकॉलॉजी कशाला,
वेड्यांचं ना ते?
माझ्या मनात काय चाललंय सांग बघू.
मी सांगत नाही. त्यांच्या मनात रमी चाललेली असते.

बाबा दिवसा झोपतात, रात्रपाळी करून,
शेजारच्या शेडमध्ये आठ माग खडखडत असताना.
लाईट गेली, माग थांबले,
की दचकून उठतात. काय झालं, म्हणतात.
पुस्तकात याला नाव आहे,
दोन मार्कांना येतं.

सूचना वाचून दाखवल्या, होत्या तशा:
तुम्हाला काही निरर्थक शब्द दाखवले जातील.
अहो-जाहो कुणाला करतेस?
सूप काही मांडीवरून उतरवेना.
पाला वाळतो गं. तू दाखव, डोळे मोकळेच आहेत माझे.

एक कार्ड, दोन सेकंद.
झेप नाही, झेब.
टाव.
नूल.

तिचा हात थांबला.
सकाळपासून पहिल्यांदा.

नूलु म्हणजे सूत की.
याला निरर्थक कोण म्हणालं?

बारापैकी आठवले चार.
दहा मिनिटांनी, दोन.
दुसऱ्या दिवशी नळावर, घागर भरताना, मी न विचारताच:
नूल.
विस्मरणाचा आलेख उतरत जाऊन जमिनीला टेकायला हवा.
माझा एका जागी अडून बसला,
उन्हाळ्यात आमच्या विडी घरकुलातली दुपार बसते तसा.

प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण
(प्रयुक्ताच्याच शब्दांत लिहावे):

आमच्या घरी हातमाग होता.
मी खाली बसून कांड्या भरायची.
शाळेत मास्तरांनी विचारलं, कापड कशाचं बनतं?
मलाच येत होतं. उभी राहिले, नूल म्हणाले.
वर्ग हसला. मास्तर पण.
सूत हा शब्द मला नंतर कळला.
तोवर मी शाळेत जात नव्हते.
लिहिलंस का एवढं सगळं?
नको लिहू.
बरं, लिही.

घड्याळ थांबवायचं मी विसरले.
एक तास सतरा मिनिटं झाली होती,
तेवढ्यात तिच्या एकशेदहा विड्या.
निरीक्षण तक्त्यात यासाठी रकाना नाही.

जर्नल तपासताना मॅडम त्या पानावर
बराच वेळ होत्या.
लाल पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं.
मग म्हणाल्या,
आमच्या कन्नडमध्येसुद्धा नूलच की गं.
पंधरा वर्षं ही यादी मीच लिहितेय फळ्यावर.

उठून त्यांनी तो शब्द बोटानं पुसला.
उरले अकरा. बारावा तुम्हीच सुचवा, म्हणाल्या,
कुणाच्याच घरी ज्याचा अर्थ नाही असा.

एकानं सांगितला, तो शबानाच्या घरी शिवी निघाला.
दुसरा, तांड्यावर बाजरीच्या कशाला तरी म्हणतात.
तिसऱ्याला मागच्या बाकावरून आवाज आला,
ए, ते माझ्या आजीचं लाडाचं नाव आहे.

तास संपला.
फळ्यावर अकरा शब्द
आणि एक पांढरट डाग.
सबमिशन गुरुवारी.