काटा

ट्रेगेन्झा अध्यक्ष झाला, त्या दिवशी
रिवाजाप्रमाणे दोघांनी दंडाला धरून त्याला
खुर्चीकडे ओढत नेलं. सगळे हसले.
मी पाण्याचा पेला भरत होतो;
मला दिसलं, त्याचे पाय खरंच मागे रेटत होते.

पोर्ट केर्नच्या धक्क्यावर वीस वर्षं गहू तोलला होता त्याने.
काट्याकडे बघताना श्वास धरायची सवय तिथली.
ॲडलेडच्या सभागृहात आरडाओरडा झाला
की तो तसाच बसायचा,
घोड्याच्या केसांच्या टोपाखाली,
आवाज आपोआप खाली येईपर्यंत.
स्पीकर म्हणे!
नऊ वर्षांत त्याच्याइतकं कमी कुणी बोललं नाही.

मग पोर्ट केर्नचा धक्का वाढवायचं विधेयक आलं.
एकोणीस, एकोणीस.
समसमान झालं तर आहे तेच राहू द्यायचं, असा संकेत.
त्याने पेला उचलला, न पिता ठेवला.
"नाही."

पुढच्या निवडणुकीत गावाने तोच शब्द
त्याला परत केला, व्याजासकट.

परवा तिकडे गेलो होतो.
आखूड धक्क्यावर म्हातारा गळ टाकून बसलेला.
मासा लागला. तळहातावर तोलला त्याने,
बराच वेळ, आणि सोडला पाण्यात.
"थोडा कमी भरतोय," म्हणाला.
धक्क्याचा विषय दोघांनीही काढला नाही.