चौदा मिनिटं बावीस सेकंद

सीताबर्डीच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.
जिना इतका अरुंद
की खोकं घेऊन उतरणारा आणि हात हलवत चढणारा
यांपैकी एकाला भिंत व्हावं लागतं.
वर निखारे बसतो. विचारतो,
"ताई, फोटो करून राहिल्या का व्हिडिओ?"

दोन्ही.

"नुसत्या फोटोले चार जीबी ग्राफिक्स लय झाली.
व्हिडिओले सहा घ्या.
फोर-के असन, अन् अंधारातलं असन,
तर आठ. मंग मले शिव्या नका देऊ."

अंधारातलंच असतं सगळं.
बारापात्रे शूट करतो बेसा रोडच्या लॉनवर,
वरात दोन तास उशिरा, एक लाइट गेलेला,
आणि सकाळी डिस्क पाठवतो चिठ्ठी लावून:
जरा उजळून घ्या.
उजळलं की दाणे येतात वर,
नवरीच्या गालावर कुणी रवा सांडल्यासारखे.
ते एकेक वेचायचे
तर यंत्राला मांडी घालून बसायला जागा लागते.

माझ्या जुन्याला दोन जीबी.
मे महिन्यात कूलरचं तोंड त्याच्याकडे,
मी वहीने वारा घेते.
तरी हेडाऊंच्या लग्नात तो अडकला
चौदा मिनिटं बावीस सेकंदांवर.
बंद केला, चालू केला,
पुन्हा तिथेच.

स्क्रीनवर एक वेटर.
हातात मठ्ठ्याच्या ग्लासांचा ट्रे, एक पाय हवेत.
शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा, कॉलर कानाला टेकलेली.
तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, स्टेजकडे तर नाहीच,
बघतो ट्रेच्या कोपऱ्यातल्या एका ग्लासाकडे
जो कललाय.

चार रात्री काढल्या मी त्याच्यासोबत.
कुकर लावून आले, ग्लास तसाच.
लाइन गेली, आली, सगळं पहिल्यापासून लावलं,
तसाच.
नवरीच्या आत्याचं नाव मला आजही सांगता येणार नाही,
पण त्याच्या डाव्या मनगटावर
भाजल्याचा जुना डाग आहे, हे माहीत आहे.

"रॅम उद्या वाढवता येते," निखारे म्हणतो,
"हे बोर्डावरच डागून येते.
आज जेवढं घ्यान तेवढंच, मशीन मरेपर्यंत."
आणि बंद केलं की?
"काही नाही राहत त्याच्यात.
हे समोरचं तेवढं धरते,
समोरून गेलं का जागा मोकळी."

सहा आणि आठमधला फरक
मी माझ्या हिशेबात मोजते:
तीन लग्नं, एक बारसं.
बारापात्रेकडे थकलेली सात लग्नं धरली तर परवडतं,
न धरली तर नाही.
बारापात्रेला ओळखणारं कुणी ती धरणार नाही.

आठच घेतला.
जिन्यात, खोकं छातीशी धरून, मी उतरत असताना
खालून एक कॉलेजचा मुलगा चढत होता.
तो भिंत झाला.

घरी हेडाऊंची फाइल उघडली.
चौदा वीस, एकवीस, बावीस,
तेवीस.
पाय टेकला.
वेटर फ्रेमबाहेर गेलासुद्धा, मला कळलंच नाही.
मागे घेतलं, हळू केलं:
अंगठा.
ट्रेखालून नुसता अंगठा वर काढून
त्याने ग्लास सरळ केला
आणि मठ्ठा वाटत पुढे गेला.

हा शॉट खरं तर कापायचा असतो.
इथून थेट आत्यांच्या रांगेवर जायचं,
बारापात्रेने तसं लिहूनही दिलंय.
मी बारा फ्रेम जास्त ठेवल्या,
अर्धा सेकंदही नाही.

दुपारी त्याचा फोन,
"झालं का हो?"
झालं म्हटलं.
आणि सात लग्नांचं काय, तेही विचारलं.
पंखा सुरू होता लॅपटॉपचा,
म्हणाला, ऐकू येत नाही.