नऊ बार

विश्रामबागेत शीतल मगदूमच्या दुकानात
काउंटरवर दोन मशिनं, शेजारी शेजारी.
एकाला दांडी, वाफेची नळी, काट्याचं घड्याळ.
दुसऱ्याला नुसता चेहरा, काळा, गुळगुळीत,
त्यावर पाच कपांची चित्रं.
"हे फुल्ली," शीतल म्हणाला,
"बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं, काका."

हे वाक्य मी आधी ऐकलंय.
कुपवाडला, शेड नंबर चार,
माझा लेथ टेम्पोत चढवला त्या दिवशी.
एकतीस वर्षं व्हॉल्व्हचे स्पिंडल काढले,
एक थाऊ जास्त कापला गेला
तर मायक्रोमीटरच्या आधी तळव्याला कळायचं.
शेवटची तीन वर्षं
काचेपलीकडचा दिवा हिरवा व्हायची वाट बघत
उभा.

म्हणून हात आपसूक दांडीकडे गेला.
अठरा ग्रॅम पूड, सरळ दाब,
काटा नऊवर, पंचवीस ते तीस सेकंद,
धार काकवीसारखी, तुटता कामा नये.
शीतल सांगत होता
आणि मला कुणीतरी परत कामावर घेतल्यासारखं वाटत होतं.

पैसे सन्मतीचे, बंगळूरहून आलेले.
"दोघांना आवडेल ते घ्या."
दोघांतल्या एकीला मी अजून विचारलंच नव्हतं.

पद्मा पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेली.
म्हणाली, "तुमच्या फर्स्ट शिफ्टला साडेचारला उठून
माझं बी मशीन हातचंच होतं की.
आधी पितळी स्टो, मग गॅस. काडी, कणीक, डबा.
तवा विचारलं कुणी, सेमी पायजे का फुल्ली?
मला एकदा बटण दाबून
बाजूला उभं ऱ्हायचंय."

शीतल बिलबुकाची पानं चाळायला लागला.
मी म्हणालो, किंमत दुप्पट आहे,
बिघडलं तर पुण्याला न्यावं लागेल,
दुधाची नळी रोज धुवायची, आपल्या पाण्याला क्षार,
असं काहीबाही.
ती म्हणाली, "हां. आणि?"

आणि काही नव्हतं.

शेवटी दांडीचंच घेतलं.
अट तिची: बटण मी.
रिक्षात खोकं दोघांच्या मध्ये,
कॉलेज कॉर्नरपर्यंत कुणी बोललं नाही.

सकाळी सहाला तिनं पांघरुणातून
माझ्या दंडावर अंगठा दाबला
आणि कूस बदलून बाजूला झाली.

ओट्यावर पूड सांडली, लोखंडाच्या किसासारखी झटकली.
दांडी अडकवली. काटा चारवर लटपटला,
अकरा सेकंदांत धार भसकन खाली.
तळव्याला काहीच कळलं नाही.
दुसऱ्यांदा केली. तीही तशीच, जरा कमी.

तिनं अंथरुणातच बसून घोट घेतला, डोळे मिटले,
दात आंबल्यासारखं तोंड केलं.
"जाड राहिलंय," म्हणाली, "गिरणीत टाकल्यागत.
उद्या बारीक दळा."
कप मात्र परत दिला नाही.