पोटकलम

लायब्ररीच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीशेजारी,
मंगळवारी आणि गुरुवारी, दोन ते पाच,
आर्लीन टॉलेफसन बसते.
तीस वर्षं धान्याच्या कोठारात हिशेब लिहिले,
आता आमचे फॉर्म भरून देते, फुकट.
पेन्सिल कानामागे. डब्यात आल्याची बिस्किटं.
बाहेर साउथ डकोटातला एप्रिल,
पार्किंगच्या कडेला काळा पडलेला बर्फ, ढिगाने.

"आडनाव?"
धामणस्कर.
तिने दोनदा म्हणून पाहिलं,
तिसऱ्यांदा लिहूनच घेतलं.

पहिला कागद दिवस विचारतो.
गेल्या वर्षी इथे किती दिवस होतात? त्याच्या आदल्या वर्षी?
मी लिहिते, तीनशे पासष्ट. एकशे तेहतीस.
मग तोच कागद खाली सांगतो,
विद्यार्थ्याचे हे दिवस धरायचे नाहीत.
म्हणजे उणे तीसमध्ये बस चुकली तो दिवस,
तापात पडून छताची भोकं मोजली तो आठवडा,
सगळं लिहायचं,
आणि धरायचं नाही.

दुसऱ्या कागदावर देश, आणि ट्रीटीचं कलम.
आर्लीन वाचते: "इंडिया. एकवीस, पोटकलम दोन."
मी मनात म्हणते, तह,
आणि शाळेतलं पान उघडतं.
पुरंदरचा तह, तेवीस किल्ले दिले.
सालबाईचा. वसईचा.
तह म्हटलं की गाळलेल्या जागा भरा,
आणि नकाशातला आपला रंग थोडा कमी.

हा कुठला तह,
ज्यात मला काहीच द्यायचं नाही?
दिल्लीत सह्या झाल्या एकोणनव्वद साली,
माझ्या जन्माआधी तेरा वर्षं.
कोटातले कुणी दोन गृहस्थ असतील,
शाई वाळेपर्यंत त्यांचा चहा निवला असेल.
त्यांना कुठे ठाऊक
की त्यांच्या एका ओळीखाली
कोपरापर्यंत ओली, एप्रन बांधलेली एक मुलगी येऊन उभी राहील.
ओळ एवढीच: शिकायला आलेल्याला
इथल्या माणसाला मिळते तीच सूट.
तीच.
इतकं सरळ मला इथे अजून कुणी म्हणालं नव्हतं.

कर शून्य. सहाशे बारा डॉलर परत.

मग शर्मिला घिमिरे बसली.
तीच खानावळ, तेच ताटं धुण्याचं यंत्र,
ती लावते, मी काढते,
तासाला तेवढेच पैसे.
आर्लीनचं बोट यादीवरून उतरतं, मोरोक्कोवर थांबतं,
पुढे एकदम नेदरलँड्स.
मध्ये हिमालय असायला हवा होता.
ती पान उलटून पाहते, परत सुलटं करते.
"कापून घेतलेले पुरत नाहीत.
एकशे अठरा अजून भरावे लागतील."
चष्मा काढते. "मी फक्त बेरीज करते, पोरी,"
आणि डबा पुढे सरकवते.

शर्मिला हसते.
"आम्हाला शाळेत एकच तह होता, सुगौली.
मेची ते महाकाली, तेवढेच उरलो.
नवा झाला नाही तेच बरं."
बिस्किट घेते. चेक लिहिताना
'अठरा'चं स्पेलिंग मला विचारते,
जे तिला येतं.

सहाला शिफ्ट.
पट्ट्यावरून ताटं येत राहतात,
कुणी काय टाकलंय ते दिसतं, कुणी ते नाही.
वाफेने दोघींचे चष्मे धुरकटतात.
सहाशे बारा अजून आलेलेही नाहीत,
तरी त्यातले एकशे अठरा
मी मनात वेगळे काढून ठेवलेत.
ती घेणार नाही. दोन हिवाळे ओळखते तिला,
बसचे सव्वा डॉलर सुद्धा
दुसऱ्या दिवशी मोजून हातावर ठेवते.

कुठल्या कलमाखाली द्यायचे,
ते मी अजून शोधते आहे.
"ताट," ती ओरडते, "ताट काढ गं,
मागे साचतायत."